कोण कुणाची भाषा शिकतं?

झाडाच्या उंच फांदीवर एक तरुणी बसली आहे. समोर लंगोट नेसलेला धिप्पाड तरुण. ती स्वतःकडे बोट करून आपलं नाव सांगते, मग त्याच्याकडे बोट करते. त्याला हा खेळ कळतो, आवडतो. एकदा तिला आणि एकदा स्वतःला बोटाने टोचत तो दोन्ही नावं म्हणत राहतो, इतका की ती शेवटी वैतागते. १९३२ सालच्या ‘टारझन द एप मॅन’मधला हा प्रसंग. ‘मी टारझन, तू जेन’ म्हणून ज्याची जगभर नक्कल होते ते वाक्य चित्रपटात कुठेच नाही. आहेत ती फक्त दोन नावं, आणि माणसाला भाषा फुटते त्या क्षणाचा आनंद.

लहानपणी मला यात निव्वळ गंमत दिसायची. पुढे असे बरेच चित्रपट पाहिल्यावर एक गोष्ट जाणवत गेली. जंगलपटात प्रेम जमतं तेव्हा दोघांपैकी कुणीतरी एक जण दुसऱ्याची भाषा शिकतो, कपडे बदलतो, घर सोडतो. कोण बदलतं, यावर त्या चित्रपटाची नियत कळते. टारझन जेनची भाषा शिकतो. जेन त्याच्या रानाची भाषा शिकत नाही. फक्त पोहायला आणि वेलींवरून झोके घ्यायला शिकते. जवळजवळ शंभर वर्षांचे जंगलपट या एका बाजूने पुन्हा पाहावेत, म्हणून हा आढावा.

टारझनचा जन्म १९१२ साली एका अमेरिकी मासिकात झाला. लेखक एडगर राइस बरोज आयुष्यात आफ्रिकेला कधीच गेला नव्हता. त्याचा नायक मुळात इंग्लिश उमरावाचा मुलगा, लॉर्ड ग्रेस्टोक. मेलेल्या आईबापांच्या झोपडीत सापडलेल्या पुस्तकांवरून तो एकट्याने वाचायला शिकतो. वानरांनी त्याला दिलेल्या ‘टारझन’ या नावाचा अर्थ कादंबरीतच सांगितला आहे: गोरी कातडी. या एका तपशिलात सगळं आलं. जेन ज्याच्या प्रेमात पडते तो रानातला माणूस नाहीच, तो रानात हरवलेला तिच्याच जातकुळीचा माणूस आहे. खरे रानातले लोक, म्हणजे आफ्रिकी माणसं, या गोष्टीत भाले घेऊन धावून येतात किंवा हमाली करतात. १९३२च्या चित्रपटात तर बुटक्या जमातीची माणसं म्हणून गोऱ्या ठेंगू नटांना काळं फासून उभं केलं होतं. भारतीय हत्तींना मोठाले खोटे कान लावून आफ्रिकी केलं होतं. आफ्रिकेची दृश्यं बरीचशी त्याच स्टुडिओच्या आधीच्या ‘ट्रेडर हॉर्न’मधून उरलेली. आफ्रिकेतली माणसं, जनावरं, भूगोल, सगळं हाताशी होतं त्यातून जुळवलेलं. खरी होती ती फक्त पोहण्याची ताकद, कारण टारझन झालेल्या जॉनी वाइसम्युलरने ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदकं मिळवली होती.

तरीही मला हा चित्रपट टाकवत नाही. मॉरीन ओसलिव्हनची जेन हे त्याचं कारण. ती हस्तिदंत शोधणाऱ्या बापाकडे आफ्रिकेत येते आणि शेवटी परत जात नाही. लग्न नाही, पाद्री नाही, सासर नाही. आपल्या मर्जीने एका पुरुषासोबत राहणारी बाई त्या काळात पडद्यावर दाखवायची तर जंगलच हवं होतं. दोन वर्षांनी आलेल्या ‘टारझन अँड हिज मेट’मध्ये हे मोकळेपण इतकं पुढे गेलं की पाण्याखालचं विवस्त्र पोहण्याचं दृश्य कापावं लागलं. त्यानंतर सेन्सॉरची पकड घट्ट झाली आणि जेनचे कपडे चित्रपटागणिक लांब होत गेले. १९३९ साली या जोडप्याला मूल हवं झालं, तेव्हा लग्नाशिवाय मूल कसं दाखवायचं म्हणून ते विमान अपघातातून सापडलेलं दाखवलं. रानात शहराचा कायदा असा मागच्या दाराने आला.

त्याच सेन्सॉरच्या नियमांत गोऱ्या आणि काळ्या वंशांमधला शरीरसंबंध दाखवायला बंदी होती. जंगलपटांतली प्रेमं अशी का, हे यावरून बरंच उलगडतं. दोन संस्कृतींची गाठ दाखवायची, पण खरी गाठ पडू द्यायची नाही. मग वाटा दोन: रानातलं माणूस आतून गोरं निघायचं, नाहीतर मरायचं. ‘बर्ड ऑफ पॅरडाइस’मध्ये (१९३२) गोऱ्या खलाशाच्या प्रेमात पडलेली बेटावरची राजकन्या शेवटी ज्वालामुखीला बळी जायला निघते. ती भूमिका केली मेक्सिकोच्या डोलोरेस डेल रिओने. ‘किंग काँग’ (१९३३) हीही मला याच माळेतली गोष्ट वाटते. बेटावरून साखळदंडात आणलेला जीव, त्याचं गोऱ्या मुलीवरचं मुकं वेड आणि न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवरून पडणं. त्या वानराला भाषाच नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही.

दुसरा एक प्रकार आहे, ज्यात जंगल फक्त परीक्षक असतं आणि प्रेम दोन बाहेरच्यांमध्येच जमतं. ‘द आफ्रिकन क्वीन’ (१९५१) हा त्यातला सर्वांत सुंदर. मिशनऱ्याची अविवाहित बहीण आणि जिन पिणारा होडीवाला, दोघं एका खटारा बोटीतून नदी उतरतात. कॅथरीन हेपबर्न आणि हंफ्री बोगार्ट यांच्यातही एक संस्कृतिसंघर्ष आहेच: प्रार्थना आणि दारू, शिस्त आणि आळस. जळवा, चिखल आणि लव्हाळ्यांत रुतलेली बोट यांतून त्यांचं वय झालेलं, अवघडलेलं प्रेम उमलतं. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने त्यासाठी आपली माणसं खरोखर काँगो आणि युगांडात नेली. पण सुरुवातीच्या चर्चमधले, न समजणारं स्तोत्र ओढून म्हणणारे आफ्रिकी लोक एकदा गाव जळालं की गोष्टीतून जवळपास नाहीसे होतात. नदी कुणाची, हे कुणी विचारत नाही.

‘रोमान्सिंग द स्टोन’ने (१९८४) हाच साचा हलकाफुलका केला. प्रेमकादंबऱ्या लिहिणारी न्यूयॉर्कची लेखिका कोलंबियाच्या चिखलात घसरते आणि सोबतचा भटक्या तिच्या बुटांच्या उंच टाचा कोयत्याने उडवतो. पटकथा डायन थॉमस नावाच्या, हॉटेलात वेट्रेसचं काम करणाऱ्या तरुणीची होती आणि बाईच्या नजरेतून जंगल पाहणं हे तिचं खास देणं. त्यात एक प्रसंग मला फार आवडतो. आडगावातला अमली पदार्थांचा दांडगट व्यापारी दार उघडतो आणि तो या लेखिकेचा कट्टर वाचक निघतो. क्षणभर का होईना, रानातल्या माणसाला स्वतःची आवडनिवड मिळते. त्याच वर्षीच्या ‘टेम्पल ऑफ डूम’ला मात्र आपल्या देशात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, ते श्रीलंकेत झालं, आणि माकडाचा मेंदू खाणारे भारतीय जगाने पाहिले. आपणही कुणाच्या तरी जंगलपटातले रानटी आहोत, हे त्या चित्रपटाने आपल्या अंगाला लावून दाखवलं. तो चटका विसरू नये, कारण आपल्याच सिनेमाने आपल्याच रानातल्या लोकांना काय केलं, हे पुढे पाहायचं आहे.

मुंबईच्या वाडिया बंधूंनी टारझन फार लवकर उचलला. होमी वाडिया यांचा ‘तूफानी टारझन’ १९३७चा. जॉन कावस हा पिळदार देहाचा पारशी नट त्यात टारझन होता. हरवलेलं मूल रानात वाढतं आणि शहरातून आलेल्या लीलेच्या प्रेमात पडतं, एवढा सांगाडा उसना होता. गोऱ्या उमरावाची जागा हिंदुस्थानी कुलीन घराण्याने घेतली. सांगाड्याबरोबर त्यातली उतरंडही आली. रानातले लोक इथेही नाचायला आणि घाबरवायलाच. १९५८ला ‘झिंबो’ आला, आणि १९८५ला बब्बर सुभाष यांचा ‘अॅडव्हेंचर्स ऑफ टारझन’. हेमंत बिर्जे आणि किमी काटकर ही जोडी त्या काळच्या तरुणांच्या तोंडी होती, पण पोस्टरपुढे त्यात फार काही उरत नाही. कॅमेऱ्याला रानापेक्षा नायिकेच्या ओल्या कपड्यांत जास्त रस होता.

खरा गुंता हिंदी सिनेमात दुसरीकडे आहे. ‘मधुमती’ (१९५८) घ्या. कथा ऋत्विक घटकांची, दिग्दर्शन बिमल रॉय यांचं. शहरातून आलेला इस्टेटीचा मॅनेजर डोंगरातल्या मुलीवर जीव लावतो. वैजयंतीमालाचे दागिने, पेहराव, नाच कुठल्या एका जमातीचे नाहीत, कुठल्याही डोंगराला चालतील असे आहेत. पण त्या प्रेमात हळुवारपणा आहे आणि जमीनमालकाच्या हवेलीची दहशतही. हवेलीच्या गच्चीवरून पडून मधुमती मरते. दोघांचं लग्न होतं ते पुढच्या जन्मी, आणि त्या जन्मात ती डोंगरातली राहिलेली नसते. पुनर्जन्माची कल्पना आपल्याला इतकी सवयीची आहे की यात काही खटकत नाही. मला मात्र आता खटकतं: हॉलीवूडने ज्वालामुखी वापरला, आपण पुनर्जन्म. रानातली मुलगी रानातली राहून नांदली, असं दोघांनाही दाखवता आलं नाही.

बंगालमध्ये दोन दिग्दर्शकांनी या प्रश्नाला थेट हात घातला. सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्रि’त (१९७०) कलकत्त्याचे चार मित्र गाडी काढून पलामूच्या रानात येतात. परवानगी नसताना चौकीदाराला पैसे चारून बंगला मिळवतात. त्याची बायको आजारी आहे, याकडे त्यांचं लक्ष जात नाही. रान म्हणजे मोकळीक, ही त्यांची समजूत. त्यांच्यातला खेळाडू हरी दुलीला, एका संथाळ बाईला, पैशाच्या आणि शहराच्या आमिषाने रानात नेतो. त्याच रानात, चोरीच्या खोट्या आळावरून त्याने ज्याला मारलं होतं तो गडी त्याला गाठून झोडपतो. आधी लुटारू कोण होता, हे राय एकही शब्द न बोलता सांगतात. शेजारच्या बंगल्यावर आलेली अपर्णा आणि नायक असीम यांचं प्रेम सभ्य, बुद्धिमान, शब्दांनी भरलेलं. हरी आणि दुलीच्या नात्याला शब्दच नाहीत. एकाच चित्रपटात दोन प्रेमं शेजारी ठेवून एवढा फरक दाखवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आणि तरीही दुलीच्या भूमिकेत सिमी गरेवाल आहे, चेहऱ्याला काळा रंग लावलेली. रायसारख्या माणसालाही संथाळ स्त्री संथाळ स्त्रीकडून करवून घ्यावी असं वाटलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मृणाल सेन यांचा ‘मृगया’ (१९७६) आणखी टोकाला जातो. आदिवासी शिकारी घिनुआ आणि शिकारीचा शौकीन इंग्रज साहेब यांची रानामुळे एक प्रकारची मैत्री जुळते. मोठं जनावर मारलं की बक्षीस, हा त्यांच्यातला व्यवहार. सावकार घिनुआच्या बायकोला पळवून नेतो. घिनुआ त्याला मारतो आणि बक्षिसासाठी साहेबाकडे जातो, कारण गावाच्या जिवावर उठलेलं याहून मोठं जनावर त्याला माहीत नाही. त्याला फाशी होते. ‘शिकार’ हा शब्द दोघांनी एकच वापरला आणि दोघांच्या मनात अर्थ वेगळे होते. नवरा-बायकोच्या साध्या प्रेमावर उभी असलेली ही गोष्ट संस्कृतिसंघर्षाचा गाभा जितका नेमका पकडते, तितका कुठल्याही साहसपटाने पकडलेला नाही. मिथुन चक्रवर्तीचा हा पहिला चित्रपट. त्याला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मराठीत या सगळ्याच्या शेजारी ‘जैत रे जैत’ (१९७७) उभा आहे, आणि त्याचं वेगळेपण असं की त्यात बाहेरचा माणूसच नाही. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ठाकरवाडीतला भगताचा पोर नाग्या आणि पहिल्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी यांच्या प्रेमाला कुणा साहेबाची नजर लागत नाही. संघर्ष आहे तो डोंगराशी, राणीमाशीशी, देवाशी. चिंधीला मोकळीक मिळवायला शहरातून पळून रानात यावं लागत नाही. ती मोकळीक तिच्या वाडीत आधीपासून आहे. जेनला जे जंगलात शोधावं लागलं ते चिंधीला जन्मतः मिळालं होतं, आणि स्मिता पाटील ते चालण्यात, नजरेत, ढोलाच्या ठेक्यावर हलणाऱ्या खांद्यांत दाखवते. मोहन आगाशे, स्मिता पाटील हे शहरातले कलावंत होते आणि ती बोलीही साहित्यातून गाळून आलेली होती, हे मान्य. पण रान कुणाचं, याबद्दल या चित्रपटाला एक क्षणही शंका नाही.

हाच प्रश्न जंगलपट टाळतात. पडद्यावरचं रान रिकामं असतं: खजिना, वाघ, धबधबा आणि नायक. प्रत्यक्षात ते तसं नसतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा आपला सामूहिक हक्क २००९मध्ये कायद्याने मिळवला. तिथे रान म्हणजे बांबू, मोह, तेंदू, ग्रामसभेतल्या लांबलचक चर्चा आणि वनखात्याशी वर्षानुवर्षं घातलेला वाद. त्या वादांमध्ये माणसं प्रेमातही पडली असतील. ती गोष्ट पडद्यावर यायची आहे.

जेम्स कॅमेरॉनच्या ‘अवतार’ने (२००९) उलटी वाट धरल्यासारखं वाटतं. इथे बाहेरून आलेला सैनिक जेक नेतिरीची भाषा शिकतो. त्या भाषेसाठी पॉल फ्रॉमर या भाषातज्ज्ञाने शब्द आणि व्याकरण खरोखर तयार केलं. प्रेमात पडलेला माणूस शेवटी आपला देहच बदलतो. एवढं झाल्यावर कथा जुन्या वळणावर जाते: काही महिन्यांत तो त्या लोकांपेक्षा सरस ठरतो आणि त्यांचा सेनापती होतो. तरी या चित्रपटाची एक खरी ताकद पडद्याबाहेर दिसली. ओडिशात नियमगिरीचा डोंगर बॉक्साइटच्या खाणीपासून वाचवण्यासाठी डोंगरिया कोंध लोक लढत होते. २०१०मध्ये त्यांच्या वतीने कॅमेरॉनला जाहीर साद घातली गेली, की तुमची गोष्ट इथे खरी घडते आहे. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. तिथे कुणी जेक नव्हता.

आपल्या मोठ्या पडद्यावर मात्र ‘बाहुबली’ने (२०१५) कालकेय नावाच्या काळ्या, विद्रूप टोळीसाठी ‘किलिकी’ ही भाषा बनवली. इथे भाषा बनली ती समोरच्याला समजून घ्यायला नव्हे, तो किती परका आहे हे ठसवायला. त्याच दिग्दर्शकाचा ‘आरआरआर’ (२०२२) गोंड मुलीच्या अपहरणाने सुरू होतो. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरला लागून असलेल्या मुलखातले कोमरम भीम त्याचे एक नायक. पण त्यांचं इंग्रज जेनीवरचं प्रेम फुलतं दिल्लीच्या मेजवानीत आणि नाचात. खऱ्या भीमांचा जल-जंगल-जमिनीचा लढा मागे पडतो.

कर्नाटकच्या ‘कांतारा’त (२०२२) मला एक नवी गोष्ट दिसली. शिवा रानाच्या काठचा रांगडा तरुण आणि लीला त्याच गावची, पण वनरक्षकाची नोकरी लागलेली. तिच्या अंगावर सरकारी गणवेश आहे आणि तिच्याच लोकांना अडवणारं कुंपण घालण्याच्या कामावर तिला उभं राहावं लागतं. संस्कृतिसंघर्ष दोन माणसांमध्ये नाही, एका मुलीच्या आत आहे. सुरुवातीची शिवाची छेडछाड मला मुळीच पटत नाही आणि शेवटाकडे दैवताच्या रौद्र नाचात लीला हरवते, तरी कुंपणापाशी उभी असलेली ती पोरगी डोळ्यांपुढून हलत नाही. आदिवासी भागात शिकून नोकरीला लागलेल्या किती मुली आज नेमक्या त्या जागी उभ्या असतील.

कोलंबियाच्या सिरो गेरा यांच्या ‘एम्ब्रेस ऑफ द सर्पंट’मध्ये (२०१५) प्रेमकथा नाही, तरी या आढाव्यात तो हवाच. अॅमेझॉनमधल्या आपल्या जमातीचा अखेरचा उरलेला शमन करामकाते दोन वेगवेगळ्या काळांत दोन गोऱ्या संशोधकांना नदीतून नेतो. चित्रपटात अनेक आदिवासी भाषा बोलल्या जातात. एका पाड्यावर जर्मन संशोधकाचं होकायंत्र गावकरी ठेवून घेतात तेव्हा तो चिडतो: हे हाती आलं तर ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याचं यांचं ज्ञान नष्ट होईल. करामकाते त्याला सुनावतो, की शिकायला तू त्यांना बंदी करू शकत नाहीस. रानावर प्रेम करणाऱ्या बाहेरच्या माणसाने रानातल्या माणसाला जुनंच राहायला लावायचं, हाही एक ताबाच, हे इतकं नेमकं दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही.

हे लिहिताना मला बस्तरचा चेंदरू आठवतो. १९५० च्या दशकात स्वीडनचे दिग्दर्शक आर्ने सुक्सडॉर्फ मुरिया गोंडांवर चित्रपट करायला आले. वाघाच्या बछड्याशी खेळणारा हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा जगाने पाहिला. संगीत पंडित रविशंकरांचं होतं. चेंदरू स्वीडनलाही जाऊन आला. मग चित्रपटवाले गेले आणि तो आपल्या गावी विस्मरणात आणि गरिबीत राहिला, २०१३मध्ये वारला. जंगलपटात खरोखर जंगलातला असलेल्या माणसाच्या वाट्याला पुढे काय आलं, याची ही एक गोष्ट.

शेवटी ‘न्यूटन’ (२०१७). अमित मसुरकर यांच्या या चित्रपटाला कुणी जंगलपट म्हणत नाही, पण सांगाडा तोच आहे: शहरातला तरुण मोहिमेवर रानात येतो आणि तिथली मुलगी त्याला वाट दाखवते. मोहीम म्हणजे दंडकारण्यातल्या ७६ मतदारांचं मतदान. मलको ही तिथली शिक्षिका, नाशिकच्या अंजली पाटीलने केलेली. न्यूटनला गोंडी येत नाही, म्हणून तो तिच्या तोंडातूनच गावाशी बोलतो. तो नियम सांगतो, ती माणसं सांगते. इतक्या जवळ राहून तुम्हाला आमच्याबद्दल किती कमी माहीत आहे, हे ती न चिडता त्याच्या पदरात घालते. कुणी कुणाला वाचवत नाही, कुणी धबधब्याखाली भिजत नाही. दोघांमध्ये काही आहे की नाही, हेही उघड केलेलं नाही.

काही महिन्यांनी ती त्याला भेटायला त्याच्या कचेरीत येते. चहा घेऊ या, म्हणते. मानेला पट्टा बांधलेला न्यूटन घड्याळ बघतो. सुट्टीला अजून पाच मिनिटं आहेत. तो पुन्हा कामाला लागतो. मलको थांबते.